दहा फ्रँकचा युक्तिवाद: मनोपचारातली मर्यादा कुणी सांभाळायची?

मागच्या वेळी आपण 'विश्वास' या संकल्पनेवर बोललो. व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं होतं, "सर, ज्याच्यावर विश्वास टाकल्याशिवाय बरं होताच येत नाही, त्यानेच विश्वास मोडला तर?" तेव्हा वेळ संपली होती, आणि खरं सांगायचं तर आमच्याजवळ उत्तरही तयार नव्हतं. आजचं व्याख्यान त्या प्रश्नासाठी आहे.

मनाने खचलेला माणूस उपचारासाठी कुणाकडे तरी जातो, आणि उपचार करणारा आपल्या स्थानाचा वापर स्वतःची गरज भागवण्यासाठी करतो. ती गरज शरीराची असेल, पैशाची असेल, कौतुकाची असेल, नुसत्या सोबतीची असेल. याला आपण मर्यादाभंग म्हणू. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे औषधपाण्याबद्दल आम्ही काही बोलणार नाही. पण अशा घटना सांगितल्या कशा जातात, त्यांचं समर्थन कोणत्या युक्तिवादांनी होतं आणि ते युक्तिवाद टिकतात का, हे तपासणं आमच्या कामात बसतं. म्हणून एकच प्रकरण घेऊ. जुनं आहे, कागदपत्रं छापलेली आहेत आणि त्यातली माणसं आज हयात नाहीत.

17 ऑगस्ट 1904. झुरिचच्या बुर्गहोल्त्स्ली मनोरुग्णालयात एक मुलगी दाखल झाली. नाव साबिना श्पीलराइन, वय 18, रशियातल्या रोस्तोव्ह शहरातल्या सधन ज्यू घरातली. रुग्णालयाचे प्रमुख ऑयगेन ब्लॉयलर. तिच्यावर उपचार करणारा तरुण डॉक्टर 29 वर्षांचा, विवाहित, नाव कार्ल गुस्ताव युंग. फ्रॉइडच्या नव्या पद्धतीने, म्हणजे बोलू देऊन, ऐकून घेऊन, त्याने उपचार केले. साबिना सुधारली. जून 1905 मध्ये ती रुग्णालयातून बाहेर पडली आणि त्याच वर्षी झुरिच विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकू लागली. या तारखा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

रुग्णालय सुटलं, तरी युंगशी भेटीगाठी चालू राहिल्या. या भेटींना धड उपचाराचं रूप नव्हतं आणि धड मैत्रीचंही नव्हतं. पुढच्या तीन-चार वर्षांत त्यांचं प्रेमप्रकरणात रूपांतर झालं. 1909 च्या सुरुवातीला साबिनाच्या आईला एक निनावी पत्र आलं, मुलीला सांभाळा अशा आशयाचं. आईने युंगला विचारलं. युंगने दिलेलं उत्तर साबिनाने पुढे फ्रॉइडला कळवलं, म्हणून ते आपल्याला माहीत आहे.

त्या उत्तराचा आशय असा: मी तिचा डॉक्टर होतो तो मित्र झालो. डॉक्टरची भूमिका सोडणं मला सोपं गेलं, कारण मी तिच्याकडून कधी फी घेतलेली नाही, त्यामुळे व्यवसायाचं बंधन मला वाटलं नाही. मी निव्वळ डॉक्टरच राहावं असं आपल्याला वाटत असेल, तर माझ्या श्रमांचा मोबदला द्यावा. माझी फी एका भेटीला दहा फ्रँक आहे.

आता आपण संतापायच्या आधी हा युक्तिवाद नीट मांडून बघू. तो असा चालतो: कर्तव्य करारातून येतं. करार पैशाने होतो. पैसे दिले-घेतले नाहीत, म्हणजे करार नाही, म्हणून कर्तव्यही नाही. वरवर व्यवस्थित वाटतं. पण हे मान्य केलं तर काय होईल? सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत केसपेपर काढून रांगेत बसलेल्या बाईला डॉक्टरकडून मर्यादेची अपेक्षाच ठेवता येणार नाही. ज्याच्याकडे पैसे आहेत तो सुरक्षित, आणि ज्याला पैशाअभावी फुकट उपचार मिळतात तो असुरक्षित. जो जास्त दुबळा, त्याचं संरक्षण कमी. जो सिद्धांत आपल्याला इथे आणून सोडतो, तो उगमापाशीच चुकलेला असणार.

चूक कुठे आहे? उपचारकाचं कर्तव्य फीमधून जन्मत नाही, ते समोरच्याच्या अवलंबित्वातून जन्मतं. साबिनाने या माणसाला ते सांगितलं होतं जे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. वडिलांचा मार, त्या माराशी जोडलेली लाज, स्वतःबद्दल वाटणारी किळस. तिच्या मनाच्या सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या त्याच्याकडे होत्या, त्याच्या मनाची एकही किल्ली तिच्याकडे नव्हती. ही विषमता दहा फ्रँक दिल्याने निर्माण झाली नव्हती आणि न दिल्याने नाहीशीही होत नव्हती.

हे झुरिचपुरतं आहे असं समजू नका. आपल्याकडे हाच युक्तिवाद प्रेमळ रूपात येतो. "अहो, तुमच्याकडून कसली फी घ्यायची? तू तर घरचीच." ऐकणाऱ्याला कृतज्ञता वाटते, आणि बहुतेक वेळा त्यात खरंच मोठेपणा असतो. पण काही वेळा त्याच वाक्याने एक दार उघडतं. फी नाही म्हणजे वेळ मोजायची नाही, वेळ मोजायची नाही म्हणजे दवाखान्यातच भेटायला हवं असं नाही, आणि उपकार झालाय म्हणजे आता नाही म्हणता येत नाही. फुकट उपचार करणाऱ्या कितीतरी माणसांनी मर्यादा कडेकोट सांभाळली आहे. ती त्यांनी सांभाळली, कारण फी आणि कर्तव्य या दोन गोष्टींची त्यांनी गल्लत केली नाही.

पुढे जे घडलं तेही पाहण्यासारखं आहे. मे 1909 च्या अखेरीस साबिनाने थेट फ्रॉइडला पत्र लिहून भेटीची विनंती केली. आज आपण याला वरिष्ठांकडे दाद मागणं म्हणू. फ्रॉइडने काय केलं? भेट टाळली आणि युंगला कळवलं. ज्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं, त्याच्याच हाती ते गेलं. सुरुवातीला फ्रॉइड आपल्या सहकाऱ्याच्याच बाजूने उभा राहिला. असे अनुभव उपयोगी पडतात, कातडी जाड होते, असा त्याचा समजुतीचा सूर होता. जूनमध्येच युंगने कबुली दिली, आईला लिहिलेलं पत्र ही लबाडी होती हेही मान्य केलं, आणि मग फ्रॉइडने साबिनाजवळ दिलगिरी व्यक्त केली. म्हणजे तिच्या शब्दाला किंमत आली ती युंगने दुजोरा दिल्यावर. तक्रार करणारी व्यक्ती मनोरुग्ण असली की तिचं म्हणणं हे आजाराचंच लक्षण ठरवता येतं, हा हत्यारासारखा वापर तेव्हाही होता.

7 जून 1909 च्या ज्या पत्रात फ्रॉइड युंगची समजूत घालतो, त्याच पत्रात एक संज्ञा पहिल्यांदा येते. रुग्णाच्या संदर्भात उपचारकाच्या स्वतःच्या मनात उसळणाऱ्या भावना, म्हणजे प्रतिसंक्रमण. रुग्ण आपल्या जुन्या नात्यांतलं प्रेम, राग, ओढ उपचारकावर वळवतो, ते संक्रमण, आणि उपचारकाकडून उलट घडतं ते प्रतिसंक्रमण. मनोविश्लेषणातली ही एवढी महत्त्वाची कल्पना एका मर्यादाभंगाच्या हिशेबातून निघाली. ज्ञान पुढे गेलं, पण त्याची किंमत जिने मोजली तिचं नाव अनेक दशकं कुणाला ठाऊक नव्हतं. 1977 मध्ये जिनिव्हात तिची डायरी आणि पत्रं सापडली, आल्दो कारोतेनुतो या इटालियन विश्लेषकाने ती 1980 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जगाला कळलं.

इथून आमची खरी टीका सुरू होते. ही गोष्ट आता सर्वांना माहीत आहे, पण सांगितली कशी जाते?

एक रीत चित्रपटाची. डेव्हिड क्रोनेनबर्गचा 'अ डेंजरस मेथड' 2011 मध्ये आला. कीरा नाइटलीचं काम जीव ओतून केलेलं आहे आणि संवाद बुद्धिमान आहेत, यात शंका नाही. पण चित्रपट या प्रकरणाला दोन थोर पुरुषांच्या वादातली प्रेमकथा बनवतो. मारहाणीतून सुखाची जी दृश्यं दाखवली आहेत, त्यांना कागदपत्रांत आधार नाही. तिचं पुढचं तीस वर्षांचं आयुष्य शेवटच्या पाटीवर दोन ओळींत उरकलं जातं. परिणाम असा की प्रेक्षक बाहेर पडताना विचारतो, "त्यांचं खरंच प्रेम होतं का?" आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. असेलही प्रेम. प्रेम होतं म्हणून कर्तव्य संपतं, हे कुणी सिद्ध केलं?

दुसरी रीत अभ्यासकांची. त्यांच्यात अनेक वर्षं वाद चालला की शरीरसंबंध झाला होता की नव्हता. काहींच्या मते पुरावा नाही. इतिहासकाराला हा प्रश्न पडणं रास्त आहे. पण नीतीचा सगळा निवाडा त्या एका मुद्द्यावर टांगला की बाकीचं सारं निर्दोष ठरतं. रुग्ण होती तिला आपल्या एकटेपणाचा आधार बनवणं, आज जवळ घेणं आणि उद्या लांब ढकलणं, गवगवा झाल्यावर तिलाच कारस्थानी ठरवणं, हे सगळं शरीरसंबंधाच्या प्रश्नाचं उत्तर काहीही असलं तरी घडलेलंच आहे.

तिसरी रीत सर्वांत फसवी. ब्रूनो बेटलहाइम या नामवंत विश्लेषकाने इंग्रजी आवृत्तीसाठी लिहिताना युंगचं वागणं निंद्य म्हटलं, पण शेवटी असं सुचवलं की काही असो, मुलगी बरी झाली, आणि बरं करणं हेच तर उपचारकाचं पहिलं काम. आता मघाच्या तारखा आठवा. ती रुग्णालयातून सुटली जून 1905 मध्ये. वैद्यकीय शिक्षण सुरू झालं 1905 मध्येच. प्रेमप्रकरण त्यानंतरचं. मग ती त्या प्रकरणाने बरी झाली हे म्हणायचं कशाच्या जोरावर? जे आधी घडलं त्याचं श्रेय नंतरच्याला देता येत नाही, हे तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला शिकवतो आम्ही. आणि समजा, तारखा उलट असत्या तरी? दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याने प्रवाशांना सुखरूप पोचवलं, म्हणून दारू पिऊन गाडी चालवणं योग्य ठरत नाही.

आता संमतीकडे येऊ. कारण शेवटी सगळे तिथेच येतात. "दोघं सज्ञान होते ना?"

आम्हीही एकदा तिथेच आलो होतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे संशोधन करणारी एक विद्यार्थिनी एका समुपदेशकाकडे जात होती. एक दिवस अडखळत म्हणाली, "सर, त्यांनी आता फी घेणं बंद केलंय. मी त्यांच्या पुस्तकाचं हस्तलिखित टाइप करून देते. कधी रात्री फोन करून ते स्वतःच्या घरातल्या कटकटी सांगतात. हे ठीक आहे ना?" आम्ही त्या सत्रात स्वायत्तता शिकवत होतो. त्याच थाटात म्हणालो, "तू सज्ञान आहेस, निर्णय तुझा आहे." तिने मान हलवली. पुढे पीएचडी अर्धवट टाकून ती गावी गेली. काही वर्षांनी एका लग्नात भेटली तेव्हा म्हणाली, "सर, तेव्हा मला निर्णय माझा आहे हे नको होतं. हे बरोबर नाही, असं कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी नाही म्हटलं असतं तर ज्यांच्याशी मी बोलू शकत होते ते एकमेव माणूस गेलं असतं." मध्ये काय काय घडलं हे तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. दोन वर्षं ती दुसऱ्या कुणा डॉक्टरकडे जाऊ शकली नव्हती, एवढं मात्र सांगितलं.

तिचं ते वाक्य आमच्या स्वायत्ततेच्या सगळ्या टिपणांपेक्षा नेमकं होतं. संमतीला अर्थ केव्हा येतो? नकार देणं परवडतं तेव्हा. नकार दिला तर उपचारच हातचा जाणार असेल, तर 'हो' हा शब्द उच्चारला गेला तरी संमती झालेली नसते. कान्ट सांगतो की माणसाकडे केवळ साधन म्हणून पाहू नये. उपचाराच्या खोलीत हा नियम एकाच बाजूवर येऊन पडतो, कारण रुग्णाने उपचारकाचा आधार घेणं हेच त्या खोलीचं प्रयोजन आहे. उलट बाजूने तसं होऊ लागलं की प्रयोजनच उलटं होतं.

तत्त्वज्ञानाच्या परंपरेत याचं एक सुंदर उदाहरण आहे. प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये देखणा, महत्त्वाकांक्षी आल्किबायडीज नशेत येतो आणि सर्वांसमोर सांगतो की सॉक्रेटिसला वश करायला त्याने काय काय केलं. रात्र त्याच्या शेजारी काढली, पण वडिलांजवळ किंवा थोरल्या भावाजवळ झोपावं तसा तो सकाळी उठला. सॉक्रेटिसचं उत्तर असं की तू पितळ देऊन सोनं घ्यायला निघाला आहेस, आणि नीट बघ, तुला वाटतं ते सोनं माझ्यात नसेलही. म्हणजे ही ओढ माझ्या गुणांमुळे नसून तुझ्या शोधामुळे आहे, हे तो ओळखतो. तो त्या प्रेमाची टिंगल करत नाही, त्याचा लाभही घेत नाही.

फ्रॉइडने 1915 मध्ये संक्रमण-प्रेमावर जो निबंध लिहिला त्याचा गाभा जवळपास हाच आहे. हे प्रेम खोटं नाही, पण ते उपचाराच्या परिस्थितीने उत्पन्न केलेलं आहे. डॉक्टरने तो आपल्या व्यक्तिमत्त्वाचा विजय समजू नये, दाबूनही टाकू नये आणि पुरवूही नये. झुरिचच्या प्रकरणाला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

मग मर्यादा म्हणजे कोरडेपणा का? नाही. गुटहाइल आणि गॅबार्ड या दोन अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी 1993 मध्ये एक उपयुक्त भेद मांडला. मर्यादा ओलांडणं वेगळं आणि मर्यादा मोडणं वेगळं. रुग्ण जिन्यात पडला तर हात देऊन उठवणं, आई वारली त्या दिवशी ठरलेल्या वेळेपेक्षा दहा मिनिटं जास्त बसणं, हे ओलांडणं आहे. त्याने रुग्णाचं भलं होतं, त्याबद्दल उघड बोलता येतं. मोडणं म्हणजे रुग्णाचं नुकसान करून उपचारकाची गरज भागणं, आणि त्याची खूण बहुधा गुप्तता ही असते. "हे आपल्यातच राहू दे" हे वाक्य उपचारकाच्या तोंडून आलं की सावध व्हा. गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. तो उपचारकाने स्वतःसाठी वापरायचा नसतो.

गौरी शिंदे यांच्या 2016 च्या 'डिअर जिंदगी'वर याच दृष्टीने एक शब्द. गोव्यातला तो डॉक्टर कायराला समुद्रावर फिरायला नेतो, यावर जाणकारांनी नाकं मुरडली, आणि ते अगदीच निराधार नव्हतं. पण शेवटी ती मनातली ओढ बोलून दाखवते, तेव्हा तो ती सहज, स्वाभाविक म्हणून स्वीकारतो आणि उपचार संपल्यावर भेटत राहायला मात्र नकार देतो. हिंदी चित्रपटात नायकाने प्रेमाला दिलेला हा नकार हेच उपचाराचं यश म्हणून दाखवलं गेलं, ही लहान गोष्ट नाही. 1969 च्या 'खामोशी'त याच्या उलट आहे. तिथे डॉक्टर नर्सला प्रेमाचं नाटक करून रुग्ण बरा करायला लावतो, आणि शेवटी तीच त्या खोलीत रुग्ण म्हणून जाते. पाहताना आपण तिच्यासाठी रडतो, पण तो प्रयोग आखणाऱ्या डॉक्टरला जाब विचारत नाही.

कायदा याबाबत आपल्यापेक्षा थोडा पुढे गेला आहे. 2013 च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरफायदा घेऊन ठेवलेला शरीरसंबंध हा स्वतंत्र गुन्हा म्हणून अधिक स्पष्ट झाला. भारतीय न्याय संहितेत तो कलम 68 मध्ये आहे. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला सेवेतल्या त्रुटींविरुद्ध तक्रारीचा हक्क दिला. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची आचारसंहिता तर उपचार संपल्यावरही किमान दोन वर्षं असा संबंध निषिद्ध मानते, आणि त्यानंतरही यात शोषण नाही हे दाखवण्याची जबाबदारी मानसशास्त्रज्ञावर टाकते. ही शेवटची तरतूद आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. सिद्ध कुणी करायचं, तर ज्याच्याकडे किल्ल्या होत्या त्याने.

म्हणून त्या ताईंना आमचं उत्तर असं. विश्वास टाकणाऱ्याने चूक केलेली नसते. बरं होण्यासाठी विश्वास टाकावाच लागतो, प्रेम वाटलं तर वाटू द्यावं, त्यात लाज नाही. मर्यादा राखण्याचं काम रुग्णाचं नाहीच. ते पूर्णपणे समोरच्या खुर्चीतल्या माणसाचं आहे, त्याने फी घेतली असो वा नसो. आणि तुमच्याजवळ कुणी अडखळत विचारलं, "हे ठीक आहे ना?" तर आमच्यासारखं स्वायत्ततेवर प्रवचन देऊ नका. जो हा प्रश्न विचारतो, त्याला बहुधा उत्तर ठाऊक असतं. त्याला सोबत हवी असते. दुसरा डॉक्टर शोधायला, तक्रार लिहायला, किंवा नुसतं त्या भेटीला न जायला.

साबिनाचं पुढे काय झालं, ते पाटीवरच्या दोन ओळींहून थोडं अधिक सांगायला हवं. 1911 मध्ये ती डॉक्टर झाली. त्याच वर्षी व्हिएन्नाच्या मनोविश्लेषण मंडळाची सदस्य झाली. 1912 मध्ये विनाश आणि निर्मिती यांच्या संबंधावर तिने जो निबंध लिहिला, त्याची दखल फ्रॉइडला 1920 च्या आपल्या ग्रंथात घ्यावी लागली. जिनिव्हात तिने ज्यांचं विश्लेषण केलं त्यांत पुढे बालमानसशास्त्रात थोर ठरलेला ज्याँ पियाजे होता. 1923 मध्ये ती मायदेशी परतली. ऑगस्ट 1942 मध्ये रोस्तोव्हजवळ नाझींनी तिला तिच्या दोन मुलींसह ठार केलं.

ती कुणाची तरी प्रेयसी म्हणून आठवली जाते. ती स्वतः उपचारक होती, मुलांची डॉक्टर होती. मघापासून आपण ज्या खुर्चीबद्दल बोलतोय, त्या खुर्चीत ती अनेक वर्षं बसली.

आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर घेऊ. नमस्कार.